रोमा वस्त्यांतली मोठी, अर्धी रिकामी घरं : परदेशातल्या मजुरीवर ती उभी कशी राहतात?

पायवाट :

रोमा म्हणजे मूळ भारतातून युरोपात गेलेले, ज्यांना जिप्सी म्हटलं जातं ते लोक. रुमानियातल्या बुझेस्कु गावच्या रोमा 'राजवाड्यां'चे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पत्र्याचे मनोरे, दर्शनी भिंतीवर घराण्याचं नाव, चकचकीत जिने. पण दक्षिण रुमानियात किंवा ट्रान्सिल्वेनियात साध्या गावांच्या कडेला वेगळीच घरं दिसतात. दुमजली, बिनगिलाव्याची, वरच्या मजल्याला खिडक्यांच्या जागी नुसती भोकं, स्लॅबमधून वर आलेल्या सळया. धूर मात्र मागच्या अंगणातल्या छोट्या खोलीतून निघतो. ही घरं परदेशातल्या मजुरीवर बांधलेली असतात, एवढंच सांगितलं जातं. त्यापुढचं कुणी नीट लिहिलेलं दिसत नाही.

राजवाडे आणि ही घरं यांचा पैसा एकच का? हंगामी मजुरीत दुमजली घर होतं कसं, कोणत्या टप्प्यांनी? घर एवढं मोठं, मग माणसं मागच्या खोलीत का राहतात? आणि यात फसगत कुठे होते? जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.


दूरदेशी :

आधी राजवाडे बाजूला ठेवू, कारण ते आणि मजुरांची घरं एकाच तागडीत तोलली की पुढचं सगळं चुकतं.

बुझेस्कु हे तेलेओर्मान जिल्ह्यातलं गाव, बुखारेस्टच्या नैर्ऋत्येला सुमारे 80 किलोमीटरवर. तिथले राजवाडे मुख्यतः काल्देराश रोमांचे. हे पिढीजात तांबट. 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली आणि कारखाने बंद पडत गेले तेव्हा भंगार आणि धातूच्या व्यापारात यांनी पैसा केला. मोल्दोवातल्या सोरोका शहराच्या टेकडीवरची घरंही व्यापाराच्या पैशाची, तीही सोव्हिएत काळाच्या अखेरच्या कपड्यांच्या व्यापारातली. तिथे कुणी बोल्शोय थिएटरची नक्कल केली, कुणी अमेरिकेच्या कॅपिटॉलची. क्लुज जिल्ह्यात हुएदिनला गाबोर रोमांचे मनोरे आहेत. हे लोकही व्यापारी, पन्हाळी आणि पत्र्याचं काम करणारे. थोडक्यात, राजवाडा ही व्यापाऱ्याची वास्तू आहे.

मजुरांची घरं नंतरची. त्यांच्या तारखा सीमेच्या नियमांना बांधलेल्या आहेत. 1 जानेवारी 2002 पासून रुमानियन नागरिकांना शेंगेन देशांत (आपसांतली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांत) व्हिसाशिवाय 90 दिवस राहता येऊ लागलं. 1 जानेवारी 2007 ला रुमानिया आणि बल्गेरिया युरोपीय संघात आले. तरीही जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स अशा देशांनी नोकरीवरचे निर्बंध ठेवले होते, ते 1 जानेवारी 2014 ला पूर्ण उठले. मधल्या काळात इटली आणि स्पेनकडे ओघ जास्त होता : बांधकाम, शेतमजुरी, घरकाम. 2008 मध्ये स्पेनचं बांधकाम कोसळलं, आणि गावाकडे त्या वर्षी अडकलेले मजले तसेच राहिले. बिनखिडक्यांचे बरेच मजले या तारखेचे आहेत, हे लक्षात ठेवून बघितलं तर गल्ली वाचता येते.

युगोस्लाव्हियातल्या रोमांचं हे चक्र याच्याही एक पिढी आधीचं. पश्चिम जर्मनीने 1968 मध्ये युगोस्लाव्हियाशी कामगार भरतीचा करार केला, 1973 मध्ये भरती थांबवली. जे आधी गेले ते राहिले, आणि त्यांनी पैसा घरी पाठवला. पूर्वी युगोस्लाव्हियात असलेल्या, आता उत्तर मॅसेडोनियाची राजधानी असलेल्या स्कोप्येमधलं शुतो ओरिझारी 26 जुलै 1963 च्या भूकंपानंतर वसवलं गेलं. 1996 पासून ती स्वतंत्र नगरपालिका आहे आणि रोमा तिथे बहुसंख्य आहेत. तिथे पत्र्याच्या खोपटाला खेटून तीन मजली घर दिसतं. तिथलं कोणी जर्मनीत आहे आणि कोणी नाही, हे भिंतीवरूनच कळतं.


कच्चीवीट :

बांधकामाच्या बाजूने लिहितो. हंगामी मजुराला बँक कर्ज देत नाही, कारण बारा महिन्यांची पगारपावती नसते. घरी पैसा साठवायचा म्हटलं तर 1990 च्या दशकाचा धडा ताजा आहे. 1992 ते 1994 मध्ये क्लुजच्या 'कारितास' या झटपट पैसे वाढवून देण्याच्या फसव्या योजनेत लाखो लोकांची बचत बुडाली, आणि 1997 मध्ये महागाई वर्षाला 150 टक्क्यांच्या वर गेली. मग लोकांनी विटा विकत घेतल्या. विटेला महागाई खात नाही. अर्धवट घर म्हणजे या माणसांचं बचत खातं, आणि ते पूर्ण न होणं हा त्या खात्याचा स्वभावच आहे.

हिशेब असा. 2025 मध्ये जर्मनीचं किमान वेतन ताशी 12.82 युरो होतं. दहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज आठ तास धरले तर 480 तास, म्हणजे हातात पडण्याआधीचे सुमारे 6,150 युरो. त्यातून राहणं, जेवण, प्रवास आणि असला तर मध्यस्थ. त्याच वर्षी रुमानियात किमान वेतन महिन्याला 4,050 लेइ होतं, म्हणजे जेमतेम 800 युरो, तेही कापण्याआधी. नवरा-बायको दोघं शतावरीच्या (अ‍ॅस्परॅगस या भाजीच्या) तोडणीला गेली तर एका हंगामात घराचा एक टप्पा निघतो, जास्त नाही. जर्मनीत शतावरीची तोडणी परंपरेने 24 जूनला थांबते. मग ऑगस्टमध्ये माणसं घरी. 15 ऑगस्टचा मारियामातेचा सण, लग्नं आणि बांधकाम एकाच पंधरवड्यात उरकतात.

रुमानियात टप्प्यांना रूढ नावं आहेत. 'ला रोशु' म्हणजे 'लाल' : पाया, भिंती, स्लॅब, छप्पर, वीट उघडी. 'ला ग्री' म्हणजे 'करडं' : खिडक्या, वायरिंग, नळ, आतला गिलावा. 'ला केये' म्हणजे किल्ली हातात. वस्तीतलं घर लाल टप्प्यावर पाच-दहा वर्षं सहज थांबतं.

पाया : जमीन गोठते त्या खोलीच्या खाली जावं लागतं. दक्षिणेत 70 ते 90 सेंटीमीटर, डोंगराळ भागात एक मीटर आणि वर. 10 बाय 9 मीटरचं घर, मधली एक भिंत, असं धरलं तर 47 मीटर पाया होतो. अर्धा मीटर रुंद, एक मीटर खोल, म्हणजे साडेतेवीस घनमीटर काँक्रीट, मिक्सरच्या तीन गाड्या. काटकसर इथेच होते. पाया 50 सेंटीमीटरवर थांबवला की ओल्या चिकणमातीत हिवाळ्यात बर्फ तो वर उचलतो आणि वसंतात सोडतो. दोन-तीन हिवाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. अशी भेग सिमेंटने बुजवून काही होत नाही.

कॉलम आणि बीम : व्रांचा भूकंपक्षेत्र जवळ आहे. 4 मार्च 1977 चा भूकंप 7.4 तीव्रतेचा होता. म्हणून वीटकामाला प्रत्येक कोपऱ्यात आणि भिंती जुळतात तिथे काँक्रीटचा छोटा कॉलम, आणि प्रत्येक मजल्याला चारही बाजूंनी सलग बीम लागतो. आधी वीट रचायची, खाचा ठेवायच्या, मग कॉलम ओतायचा, म्हणजे वीट आणि काँक्रीट एकमेकांत गुंततात. इटलीत-स्पेनमध्ये गवंड्याच्या हाताखाली काम केलेल्या मुलांना हे येतं. ज्यांनी फक्त शेतमजुरी केली त्यांच्या घरात बीम कोपऱ्याशी तुटलेला सापडतो.

वर आलेल्या सळया : रुमानियन गवंडी त्यांना 'मिशा' म्हणतात. पुढच्या मजल्याच्या सळया यांना जोडायच्या असतात. जोड सळईच्या जाडीच्या 40 ते 50 पट हवा, म्हणजे 14 मिलिमीटरच्या सळईला साधारण 60 ते 70 सेंटीमीटर. सहा-सात वर्षं उघड्या राहिल्या की मुळाशीच, काँक्रीटमधून बाहेर पडतात त्या रेषेवर, गंजून बारीक होतात. वरून दिसायला ठीक असतात. सिमेंटच्या रबडीचा हात आणि प्लास्टिकची पिशवी एवढ्याने हे टळतं, पण परत यायला वर्ष लागेल असं वाटलेलं असतं आणि सहा लागतात.

स्लॅब : ऑगस्टमध्ये दक्षिणेत 35 अंशांच्या वर तापमान जातं. रजा संपत आलेली असते म्हणून स्लॅब ओतून चौथ्या दिवशी गाडी धरतात. पाणी मारायला मागे म्हातारी आई. किमान सात दिवस स्लॅब ओला हवा, ओली पोती आणि वर प्लास्टिक. नाहीतर पृष्ठभाग भुसभुशीत होतो, जाळीदार भेगा पडतात आणि पहिल्याच हिवाळ्यात पाणी शिरून तिथे गोठतं. डिसेंबरच्या रजेत ओतणं तर नकोच. पाच अंशांखाली काँक्रीट पकड घ्यायला रखडतं, आणि कोवळेपणी गोठलं तर कायमचं कच्चं राहतं.

छप्पर : पैसा उरला नाही तर भिंतीचा माथा तरी झाका. पोकळ विटेत पाणी साचून गोठलं की विटेची पाठ फुटते. वरच्या दोन-तीन थरांच्या विटा पापुद्र्यांसारख्या सुटलेल्या दिसतात त्या यामुळे. छप्पर करताना हिमभार विसरू नये. बुखारेस्टच्या परिसरात तो चौरस मीटरला 2 किलोन्यूटन धरतात, म्हणजे सुमारे 200 किलो. मनोऱ्यांची नक्कल करताना दोन उतारांच्या मध्ये जी खोबण तयार होते तिथे बर्फ साचतं, आणि पहिली गळती तिथेच.


पायवाट :

@कच्चीवीट, फार उपयोगी. 'बचत खातं' म्हटल्यावर बरंच उलगडलं. पण राहण्याचं काय? तळमजला पुरा झालेल्या घरांतही चूल आणि संडास अंगणातच असतात, तेही पैशाअभावी का?


उंबरठा :

पैशाचा भाग आहे, पण पूर्ण उत्तर ते नाही. आणि सगळे रोमा एकसारखे नाहीत, हे आधी सांगितलं पाहिजे. रुदारी गटाचे रोमा रुमानियन बोलतात आणि पुढे सांगते ते नियम फारसे पाळत नाहीत. काल्देराश कडक पाळतात. बाकीचे गट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी.

रोमानी भाषेत घराला 'खेर' म्हणतात. आपलंच घर. दाराला 'वुदर', पाण्याला 'पानि', आगीला 'याग', मिठाला 'लोन'. स्वयंपाकघरातले हे शब्द ऐकताना आपल्याला भाषांतर लागत नाही. शुद्ध-अशुद्धाची कल्पना मात्र ज्या शब्दाने सांगतात तो 'माह्रिमे' ग्रीकमधून आलेला. कंबरेवरचं शरीर शुद्ध, खालचं अशुद्ध. त्यामुळे तोंड धुण्याचं, भांड्यांचं आणि कपड्यांचं घमेलं वेगळं, कपड्यांतही बायकांच्या घागऱ्यांचं निराळं. अन्न शिजतं त्याच छताखाली संडास ही कल्पना जुन्या माणसांना सहन होत नाही. म्हणून घरात टाइल्स लावलेलं न्हाणीघर असतं आणि वापरात असतो अंगणातला संडास. उन्हाळ्याची चूल अंगणात असणं तर दक्षिण रुमानियातल्या रोमा नसलेल्या शेतकऱ्यांकडेही चालतं.

वरचा मजला रिकामा राहण्याला काही काल्देराश घरांत आणखी एक कारण आहे. पुरुषाच्या डोक्यावरून बाईने चालणं अशुद्ध मानलं जातं. म्हणून या कुटुंबांना सरकारी इमारतींतले फ्लॅट नकोसे वाटायचे. स्वतःच्या घरात सोपा उपाय म्हणजे वर कुणी राहायचंच नाही. वर गालिचे, काचेची कपाटं, चिनी मातीची भांडी, पाहुण्यांची बैठक.

थंडीचं गणित त्याहून साधं. लाकडाच्या शेगडीवर एक खोली तापते, आठ नाही. आजी आणि नातवंडं मिळून चौघं असतील तर मागची चिखल-लाकडाची जुनी खोली जास्त उबदार पडते. नव्या घरात प्लास्टिकच्या चौकटीची दुहेरी काच लावली, भिंतीला बाहेरून थर्माकोल नाही आणि एकच खोली तापवली, तर श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ शेजारच्या थंड कोपऱ्यात जाऊन बसते. कपाटामागे काळी बुरशी येते. लोक म्हणतात खिडक्या वाईट. खिडक्या नाही, भिंत थंड आहे. बाहेरून दहा सेंटीमीटरचा थर लावेपर्यंत रोज दोनदा खिडक्या सताड उघडून हवा बदलणं एवढाच उपाय.

घर मुलांसाठी असतं, हेही बघा. थोरल्याचं लग्न झालं की सून, तिला 'बोरि' म्हणतात, आधी सासरी राहते, मग त्या जोडप्याला मजला किंवा शेजारचं घर. धाकटा आईबापांजवळ राहतो आणि मूळ घर बहुधा त्यालाच. तीन मुलगे असतील तर तीन जिने का दिसतात ते यावरून कळेल. लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे गिलावा बघत नाहीत, छप्पर बघतात.

पैसा मिळवणारे आईबाप बाहेर आणि मुलं आजीकडे, ही या घरांची सगळ्यात दुखरी बाजू. रुमानियात 2004 च्या 272 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे परदेशी कामाला जाण्याच्या किमान 40 दिवस आधी पालकांनी नगरपालिकेच्या समाजसेवा विभागाला कळवायचं आणि मुलांची जबाबदारी कुणाकडे ते नाव द्यायचं. मग न्यायालय त्या व्यक्तीकडे अधिकार सोपवतं. बहुतेक जण हे करत नाहीत, कारण कामाचा फोन आठवडाभर आधी येतो. पुढे मुलाला दवाखान्यात ठेवायची वेळ आली की आजीची सही चालत नाही. घरात टाइल्स बसवण्याआधी हा कागद करावा, इतका तो महत्त्वाचा आहे.


दप्तर :

सगळ्यांत मोठी फसगत कागदातच होते.

1991 च्या 18 क्रमांकाच्या कायद्याने रुमानियात सामूहिक शेतांच्या जमिनी वाटल्या. मुख्य हक्क त्यांचा, ज्यांनी पूर्वी या शेतांत आपली जमीन दिली होती. रोमांकडे ती नव्हतीच. त्यामुळे वस्ती गावाच्या कडेला, बऱ्याचदा नगरपालिकेच्या जमिनीवर. जिथे जमीन विकत घेतली तिथेही व्यवहार 'किटान्त्सा दे मुना'वर, म्हणजे हाताने लिहिलेल्या पावतीवर, दोन साक्षीदार आणि रोख. रुमानियात नोंदवहीतली जमीन नोटरीच्या दस्ताशिवाय वैधपणे विकली जात नाही. पावतीवाल्याने पैसे पूर्ण दिले तरी भूनोंदवहीत नाव विकणाऱ्याचंच. तो मेला की वारस पाच, त्यातले दोन स्पेनमध्ये.

क्रम असा हवा : विटा घेण्याआधी भूनोंदवहीचा उतारा काढा, मालक कोण आणि बोजा आहे का ते बघा. मोजणीदाराकडून हद्द कायम करा. नोटरीकडे दस्त करा. स्वतः येता येत नसेल तर वकिलातीत मुखत्यारपत्र करा, साधं सही केलेलं पत्र चालत नाही. मग 1991 च्या 50 क्रमांकाच्या कायद्याखाली नगररचना प्रमाणपत्र आणि त्यानंतर बांधकाम परवाना. राहत्या घराला परवान्याचं शुल्क अंदाजित खर्चाच्या अर्धा टक्का असतं, म्हणजे शुल्क ही अडचण नाही. अडचण नकाशाच्या आणि मोजणीच्या खर्चाची, आणि त्याहून जास्त परवान्याच्या मुदतीची. परवाना हप्त्याहप्त्याने दहा वर्षं चालणाऱ्या बांधकामासाठी लिहिलेला नाही. मुदत संपण्याआधी वाढ मागावी लागते, आणि तेव्हा मालक परदेशात असतो. म्हणून एकच मजल्याचा परवाना घेऊन तो पूर्ण करणं, काम संपल्याचा स्वीकृती दाखला घेऊन घर नोंदवहीत चढवणं, आणि वरच्या मजल्यासाठी पुढे वेगळा अर्ज, हे शहाणपणाचं. पायाचा हिशेब मात्र सुरुवातीलाच दोन मजल्यांचा धरावा.

कागद नसलेल्या घराची साखळी लांब जाते. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून कायम ओळखपत्र नाही, तात्पुरतं मिळतं ते वर्षाचं. वीजजोडणीला मालकी दाखवावी लागते, ती नाही म्हणून शेजाऱ्याकडून वायर ओढतात. एका जोडणीवर तीन घरं, त्यात विजेची शेगडी, मग जोडाशी वायर वितळते. 2019 पासून रुमानियन कायद्यात 'अनौपचारिक वस्ती'ची व्याख्या आहे, त्यामुळे नगरपालिकेला अशा वस्तीची नोंद घेऊन ती नियमित करण्याचा मार्ग काढता येतो. पण जमीन पूररेषेत किंवा रेल्वेच्या हद्दीत असेल तर कितीही पैसा ओतला तरी घर कायदेशीर होत नाही.

बल्गेरियात हाच प्रश्न आणखी तीव्र आहे. सोफियातल्या बातालोवा वोदेनित्सा वस्तीबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 24 एप्रिल 2012 ला निकाल दिला : अनेक दशकं राहू दिलेल्या रोमांना पर्यायी व्यवस्थेचा विचार न करता काढणं हा त्यांच्या घराच्या हक्काचा भंग ठरेल. तरी 2015 मध्ये बल्गेरियातल्याच गार्मेन गावात रोमांची घरं पाडली गेली. निकालामुळे घर वैध होत नाही, फक्त हाकलण्याआधी विचार करायला लावतो.


दूरदेशी :

एक भर. या घरांवरून रोमा सुखवस्तू झाले असा अर्थ काढू नये. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेच्या 2021 च्या पाहणीत, पाहणी झालेल्या देशांतले 80 टक्के रोमा दारिद्र्याच्या धोक्यात होते, 22 टक्क्यांच्या घरात नळाचं पाणी नव्हतं. परदेशी जायलाही भांडवल लागतं : तिकीट, पहिल्या महिन्याचं खाणं, मध्यस्थ. ते 'कमतार' म्हणजे सावकाराकडून उचललं तर पहिला हंगाम त्याच्यासाठीच राबायचा. वस्तीत सगळ्यात आधी नवं छप्पर कुणाचं होतं ते कधी विचारून बघा, बऱ्याचदा सावकाराचं.

ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी स्लोवाकियात रांकोव्त्से गावातली पद्धत पाहण्यासारखी आहे. ईटीपी स्लोव्हेन्स्को ही संस्था तिथे आधी कुटुंबाला नियमित बचत करायला लावते, मग छोटं कर्ज, आणि देखरेखीखाली स्वतःच्या हातांनी लहान घर. घर छोटं, पण जमीन आणि परवाना आधी.


पायवाट :

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक : गल्लीतून जाताना काम चालू असलेलं अर्धवट घर आणि सोडून दिलेलं घर यातला फरक कशावरून ओळखायचा?


कच्चीवीट :

रेतीच्या ढिगावर गवत किती आहे ते बघा. एका उन्हाळ्याचं असेल तर मालक येतो आहे. ढिगात झुडूप उगवलं असेल तर काम थांबलं. विटांच्या थप्पीवरचं प्लास्टिक बघा : उन्हाने चिरून उडालेलं असेल आणि खालच्या विटा हिरवट असतील तर दोन-तीन वर्षं हात लागलेला नाही. सळयांच्या मुळाशी सिमेंटचा हात आहे का, भिंतीच्या माथ्यावर पत्रा किंवा फळी आहे का, वरच्या खिडक्यांच्या भोकांना आतून प्लास्टिक ताणून ठोकलंय का, हे तिन्ही दिसलं तर मालकाच्या डोक्यात पुढचा हंगाम पक्का आहे. आणि रस्त्याकडच्या भिंतीवर विजेच्या मीटरची पेटी बसली असेल, तर कागदही झालेले आहेत.